अलीचा बहर कधी ओसरला?

फोंड्याला तिस्कावर सकाळचा भाजी-पाव खाताना आमच्यात वाद होतो तो बहुतेक वेळा फुटबॉलचा. गेले काही रविवार मात्र विषय मुष्टियोद्धा मुहंमद अलीचा आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणतात, १९७४ला आफ्रिकेतल्या किन्शासात जॉर्ज फोरमनला आडवा करणारा अली हाच ऐन भरातला अली. "बत्तिसाव्या वर्षी त्याने फोरमनसारखा राक्षस पाडला रे, आणि तू म्हणतोस बहर सात वर्षं आधीच सरला?" होय काका, मी तेच म्हणतो. असं का म्हणतो, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

अलीने २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला सनी लिस्टनकडून हेवीवेटचं जगज्जेतेपद घेतलं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पण ज्या अलीबद्दल मी बोलतो आहे, तो खरा दिसतो २९ मार्च १९६६ ते २२ मार्च १९६७ या एका वर्षात. या बारा महिन्यांत त्याने सात वेळा रिंगमध्ये उतरून किताब राखला. टोरांटोत शुव्हालो, लंडनमध्ये कूपर आणि ब्रायन लंडन, फ्रँकफुर्टमध्ये मिल्डेनबर्गर, ह्यूस्टनला विल्यम्स आणि टेरेल, शेवटी न्यूयॉर्कला झोरा फॉली. आजचे विजेते वर्षाला एक-दोन लढती करतात, हे लक्षात ठेवून ही यादी वाचावी.

त्या लढतींचं चित्रण पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हात कमरेशी, हनुवटी उघडी, आणि ठोसा आला की मान नुसती मागे. कुठलाही वस्ताद शागिर्दाला असं करू देणार नाही. हे चुकीचंच तंत्र आहे. अलीला ते चालून गेलं, कारण समोरच्याचा खांदा हलला की त्याचे पाय आधीच जागा सोडत. त्याचा सगळा बचाव पायांत होता. त्यामुळे पायांचा वेग कमी झाला, की बाकीचं सगळं उघडं पडणार होतं.

इथे माझ्या बाजूचं एक लंगडं कारणही सांगून टाकतो. अलीचा कळस म्हणून १४ नोव्हेंबर १९६६ची क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची लढत दाखवली जाते. तिसऱ्या फेरीतच ती संपली. पण विल्यम्सला १९६४ साली पोलिसाची गोळी लागली होती, त्यात त्याचा एक मूत्रपिंड गेला होता. त्या रात्रीचं अलीचं देखणेपण खरंच, पण समोरचा माणूस अर्धाच उरला होता. म्हणून मी फॉलीची लढत पुढे करतो. फॉली धडधाकट आणि जाणता होता. अलीने त्याला सहा फेऱ्या वाचलं आणि सातवीत संपवलं.

१९६७च्याच १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं (फूल) की वेगळं राहायचं (दोन पानं) यावर. वडील सांगत, घराघरांत "फूल की दोन पानं" याशिवाय बोलणं नव्हतं. आमच्या माणसांचं सगळं लक्ष त्या निकालात आणि त्याच्या दुखऱ्या चर्चेत गुंतलेलं असताना, तिकडे २८ एप्रिलला अलीने ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीला नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने त्याचा परवाना थांबवला. जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपिलामुळे तुरुंग टळला, पण पारपत्रही गेल्याने परदेशात लढण्याची वाट बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती २८ जून १९७१ रोजी. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फॉलीनंतरची लढत अटलांटात, जेरी क्वारीशी, २६ ऑक्टोबर १९७०ला. मध्ये तीन वर्षं सात महिने. वय पंचविशीवरून अठ्ठाविशीच्या पुढे. हेवीवेटची जी वर्षं सगळ्यात पिकलेली असतात, नेमकी तीच. आपण "बहर कधी ओसरला" असं विचारतो, पण अलीचा पूर्ण बहर कुणी पाहिलाच नाही, हे मला फार लागतं.

परतलेला अली मोठाच होता, पण वेगळा. पेडण्याकडे दशावतारात राजापार्ट करणारा जुना नट पाहावा. ऐन वयात तो युद्धनृत्यात मांड (खेळाची जागा) हलवून सोडतो, पुढे गुडघे बोलू लागले की उड्या कमी करतो आणि पल्लेदार संवादांवर अख्खी रात्र तोलून धरतो. रसिक दोन्हींना दाद देतात, पण नाच आणि संवाद एक नव्हेत. अलीचंही तसंच झालं. ८ मार्च १९७१ला पंधराव्या फेरीत जो फ्रेझियरच्या डाव्या हूकने तो पडला आणि पहिल्यांदा हरला. १९७३मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला. पूर्वी जे ठोसे हवेत जात, ते आता लागत होते, आणि ते सोसता येतात हे त्याला कळलं होतं. पुढचं सगळं दुखणं या शोधातून आलं, असं माझं मत आहे.

काकांची किन्शासाही यातच येते. ३० ऑक्टोबर १९७४ला समोर होता चाळीसपैकी चाळीस लढती जिंकलेला, पंचविशीतला फोरमन. अलीने दोरांना पाठ लावली, बरगड्यांवर आणि दंडांवर मारा झेलला, त्याला दमवलं आणि आठव्या फेरीत पाडलं. बुद्धी, धीर आणि छाती यांचा याहून मोठा विजय मी पाहिलेला नाही. पण १९६७च्या अलीला दोरांचा आधार लागला नसता. एक वर्षाने मनिलात फ्रेझियरशी चौदा फेऱ्या झाल्या, पंधरावीआधी फ्रेझियरचा प्रशिक्षक एडी फचने त्याला उठू दिलं नाही. किताबाच्या लायक अली तिथे संपला, हे मात्र काका आणि मी दोघंही मानतो.

नंतरचं थोडक्यात. १९७७च्या शेव्हर्स लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडाचे वाईट अहवाल पाठवून थांबायला सांगितलं. कुणी ऐकलं नाही, तेव्हा ते बाजूला झाले. जानेवारी १९८०मध्ये निवृत्त अली भारतात आला, दिल्लीत कौर सिंगशी प्रदर्शनी लढत खेळला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लॅरी होम्ससमोर तो दहा फेऱ्या नुसता उभा राहिला, आणि त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. त्याच्या ६१ लढतींपैकी २९ बंदीआधीच्या, ३२ नंतरच्या. पाचही पराभव नंतरचे. शेवटचा ११ डिसेंबर १९८१ला, बहामात नासावला, ट्रेव्हर बर्बिककडून. फेरीची घंटा म्हणून तिथे गाईच्या गळ्यातली घंटा वाजवली होती. अलीच्या चाळिशीला महिना-सव्वा महिना बाकी होता.