पाणी बाधणे

पाणी प्यायल्यावर तहान भागण्याऐवजी पोटात डचमळणे, मळमळणे, छातीत कळ येणे, डोके दुखणे किंवा पोट बिघडणे, याला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातले मराठी लोक ‘पाणी बाधलं’ म्हणतात. परगावच्या पाण्याने बिघडले तर ‘पाणी लागलं’.

रक्तातले क्षार दाट झाले की मेंदूतील हायपोथॅलॅमस तहान जागी करतो. प्यालेले पाणी रक्तात मिसळायला वेळ लागतो, पण तोंड व घसा ओला होताच तहान मंदावू लागते. उन्हातून आलेला माणूस एवढाही दम धरत नाही. घटाघटा प्यायल्याने जठर एकदम ताणले जाते आणि मळमळते. तांब्या ओठांना न लावता वरून पाणी ओतून पिण्याची आपल्याकडची रीत स्वच्छतेला उत्तम, पण घाईत प्रत्येक घोटाबरोबर हवाही गिळली जाते. ढेकर आणि पोटफुगी बहुधा त्या हवेची असते. फ्रिजमधल्या गार पाण्याने काहींच्या अन्ननलिकेला पेटका येऊन छातीत कळ उठते. खानापूरच्या मातीचा माठ इथे उपयोगी पडतो: झिरपलेल्या पाण्याची वाफ होऊन आतले पाणी थंड होते, पण बर्फगार कधीच होत नाही.

सर्वांत दुर्लक्षित कारण मिठाचे आहे. उसात दिवसभर भांगलण करणाऱ्या बाईच्या लुगड्यावर संध्याकाळी पांढरे डाग दिसतात, ते वाळलेल्या घामातले मीठ. गेलेले मीठ न भरता नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. मूत्रपिंडे तासाला साधारण 0.8 ते 1 लिटर पाणीच बाहेर टाकू शकतात. रक्तातील सोडियम दर लिटरला 135 मिलिमोलच्या खाली उतरले की डोकेदुखी, उलटी, सुस्ती येते, फार उतरले तर बरळणे आणि झटके. भोवतीची माणसे मायेने ‘ऊन लागलंय, अजून पाणी दे’ म्हणत तांब्या पुढे करतात. बरळणाऱ्या माणसाला आणखी पाणी पाजू नये, त्याला सावलीत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

दारी आलेल्याला गुळाचा खडा आणि पाणी देण्याची या भागातली चाल मराठी-कानडी दोन्ही घरांत आहे. खडा चघळल्याने पिण्याची घाई आपोआप मोडते. लहान आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात व पाणी त्यांच्यामागून जाते. याच तत्त्वावर जलसंजीवनी बनते. तिच्या 2002 पासूनच्या सूत्रात दर लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते. गुळात मीठ नगण्य, म्हणून शेतावर गुळापेक्षा मीठ घातलेले ताक बरे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे.

पाण्याचा दोषही असतो. बेळगाव शहराला राकसकोप व हिडकल जलाशयांतून पाणी येते, खेड्यांत अजून विहिरी आणि बोअरवर भिस्त आहे. भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता (त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) दर लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालते. मॅग्नेशियम व सल्फेट जास्त असलेले पाणी नवख्याला जुलाब लावते, गावकऱ्यांना मात्र त्याची सवय झालेली असते. पावसाळ्यातले जुलाब बहुधा जंतूंचे. तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत, त्यासाठी पाणी उकळून घ्यावे.

काही त्रास ‘बाधलं’ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. कितीही प्यायले तरी तहान आणि सारखी लघवी असेल तर रक्तातील साखर तपासावी. घास आणि घोट दोन्ही छातीत अडकत असतील तर अन्ननलिकेची तपासणी हवी. कुत्रे चावून गेलेल्या माणसाच्या घशाला पाणी पिताना, कधी पाणी नुसते पाहूनही आचके येऊ लागले तर तो रेबीज असतो, आणि तिथून माणूस क्वचितच वाचतो. म्हणून चावा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.