ट्रॅक मॉनिटरिंग आणि सिग्नल राउटिंग

ट्रॅक मॉनिटरिंग आणि सिग्नल राउटिंग : रेकॉर्डिंग चालू असताना गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आणि रेकॉर्डिस्टला नेमकं काय ऐकू येईल याची सोय म्हणजे मॉनिटरिंग, आणि आवाज माइकपासून निघून ट्रॅकवर, बसवर (अनेक ट्रॅकांचे आवाज एकत्र नेणाऱ्या वाटेवर), हेडफोनमध्ये कुठल्या वाटेनं जाईल ते ठरवणं म्हणजे राउटिंग. ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीची बटणं एकाच ट्रॅकच्या पट्टीवर शेजारीशेजारी असतात म्हणून ही एकच गोष्ट वाटते, पण रेकॉर्ड होणारा आवाज आणि ऐकू येणारा आवाज हे दोन वेगळे प्रवाह आहेत आणि या विषयातले बहुतेक घोळ ते एक समजल्यामुळेच होतात.

फेडरचंच, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीचंच बघा. ट्रॅक आर्म करून (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवून) गाताना आवाज फुटतोय म्हणून फेडर खाली ओढला तरी फाइलमध्ये आवाज फुटलेलाच येतो, कारण बहुतेक प्रोग्रॅममध्ये ट्रॅकचा फेडर रेकॉर्ड होऊन गेल्यानंतरच्या वाटेवर बसलेला असतो, रेकॉर्डिंगची लेव्हल प्रीअँपच्या (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) गेनवर ठरते. क्यूबेस या प्रोग्रॅममध्ये इनपुट चॅनल नावाची वेगळी पट्टी आहे, तिचा फेडर मात्र रेकॉर्ड होणाऱ्या सिग्नलला लागू होतो. अर्थात कन्व्हर्टरमध्येच (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागात) क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फुटलेला आवाज तोही परत आणू शकत नाही.

टेपचा वारसा : आजच्या सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंगचे पर्याय समजायला टेप मशीनची रचना माहीत असावी लागते. टेपच्या वाटेवर आधी खोडणारं हेड, मग रेकॉर्ड हेड आणि शेवटी प्लेबॅक हेड असा क्रम असायचा, आणि या हेडांमध्ये थोडं अंतर असायचं. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर दोन हेडांमधल्या दर इंचाला सुमारे ६७ मिलिसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे आधीच्या ट्रॅकवरचं गाणं प्लेबॅक हेडवरून ऐकत कुणी नवीन ट्रॅक गायला, तर तो ट्रॅक टेपवर तेवढाच मागे पडून उमटणार.

यावर आधी चालणारा उपाय म्हणजे साउंड-ऑन-साउंड. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ॲम्पेक्स या कंपनीच्या टेप मशीनवर खोडणाऱ्या हेडच्या आधी एक जादा प्लेबॅक हेड बसवून घेतलं, म्हणजे जुना आवाज खोडला जायच्या आत ऐकू यायचा आणि नव्या आवाजात मिसळून त्याच टेपवर परत उतरायचा. यात एक चूक झाली की आधीचे सगळे थर गेले, आणि प्रत्येक थराबरोबर खरखर वाढायची ती वेगळीच. खरा तोडगा निघाला तो ॲम्पेक्सच्या सेल-सिंकमुळे. यात रेकॉर्ड हेडच्याच काही ट्रॅकांना तेवढ्यापुरतं प्लेबॅकचं काम दिलं जातं, त्यामुळे जुने ट्रॅक ऐकण्याची जागा आणि नवा ट्रॅक उमटण्याची जागा टेपवर एकाच रेषेत येतात. एक इंच रुंदीच्या टेपवर आठ ट्रॅक घेणारं असं मशीन १९५७ मध्ये लेस पॉल यांच्याकडे पोचलं, किंमत सुमारे १०,००० डॉलर.

ही कल्पना नेमकी कोणाची यावर मात्र दोन मतं आहेत. लोकप्रिय लिखाणात श्रेय सरसकट लेस पॉल यांना जातं, कारण हेड एकावर एक रचून आठ ट्रॅक एका रेषेत आणण्याची मागणी त्यांनी केली असं सांगितलं जातं आणि पहिलं मशीन त्यांच्याच घरी गेलं होतं. दुसऱ्या बाजूला ॲम्पेक्समधले रॉस स्नायडर यांचं म्हणणं असं की रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवण्याची युक्ती कंपनीत, त्यांच्याकडून पुढे आली आणि लेस पॉल हे पहिले ग्राहक होते. दोन्हीत थोडं थोडं तथ्य असू शकतं, पण थर चढवायची गरज दाखवून देणं वेगळं आणि हेडचं काम बदलण्याची रीत सुचणं वेगळं, हे लक्षात घेतलं तर स्नायडर यांची बाजू जास्त पटण्यासारखी वाटते. रेकॉर्ड हेड मुळात ऐकवण्यासाठी बनवलेलं नसल्यामुळे सुरुवातीच्या मशीनांवर सिंकमधला आवाज वरच्या फ्रीक्वेन्सीत दबलेला यायचा, म्हणून ओव्हरडब (जुन्यावर नवा थर चढवणं) सिंकवर आणि शेवटचं मिक्स प्लेबॅक हेडवरून अशी पद्धत पडली.

पंच-इनची, म्हणजे चालू गाण्यात मधलाच भाग पुन्हा रेकॉर्ड करण्याची सवय याच मशीनांवरून सॉफ्टवेअरमध्ये आली. टेप थांबलेली असताना इनपुट ऐकू यावं, चालू केली की आधीचा टेक (आधी रेकॉर्ड केलेली खेप) ऐकू यावा, रेकॉर्ड दाबल्या क्षणी परत इनपुट आणि सोडल्यावर पुन्हा जुना टेक. प्रो टूल्समध्ये याला ऑटो इनपुट म्हणतात, क्यूबेसमध्ये टेपमशीन स्टाइल, रीपरमध्येही टेपसारखा ऑटो मोड आहे. ॲबलटन लाइव्हमधलं ऑटो मात्र यापेक्षा वेगळं आहे, तिथे ट्रॅक आर्म असला की इनपुट ऐकू येतं आणि ट्रॅकवर क्लिप (रेकॉर्ड केलेला तुकडा) वाजत असली की बंद होतं. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला "माझा जुना टेक का ऐकू येत नाही" हा प्रश्न पडतो तो बऱ्याचदा या एका शब्दामुळे.

उशीर : सॉफ्टवेअरमधून ऐकायचं म्हटलं की लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर, आलीच. बफरमधले (आवाज थोडा साठवून मग पुढे पाठवणाऱ्या जागेतले) सँपल, म्हणजे आवाजाचे मोजलेले नमुने, भागिले सँपल रेट (सेकंदाला किती नमुने) एवढा साधा हिशोब, ४८,००० हर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद आणि १,०२४ चा म्हणजे २१.३. पण हे एका दिशेचं झालं, आत यायचा आणि बाहेर जायचा असे दोन बफर, वर कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा (यंत्र आणि सॉफ्टवेअर जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा) वेळ धरला तर प्रत्यक्षात दुपटीहून जास्तच भरतो. स्टाइनबर्गनं १९९७ मध्ये आणलेलं एएसआयओ, मॅकवरचं कोअर ऑडिओ, लिनक्सवरचं जॅक ही सगळी मंडळी हा वेळ कमी करण्यासाठीच आहेत.

किती उशीर चालतो यावर नेहमी एक युक्तिवाद होतो की आवाज हवेत १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अँपपासून तीन मीटरवर उभा असलेला गिटारवादक ९ मिलिसेकंद उशिरानंच ऐकतो आणि त्याची तक्रार नसते. गिटारवाल्यापुरतं हे ठीक, गायकाला लागू होत नाही, कारण गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून ताबडतोब पोचतो आणि हेडफोनमधला उशिरा येणारा त्यात मिसळून काही फ्रीक्वेन्सी खाऊन टाकतो. ५ मिलिसेकंदांचा फरक असेल तर १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ओळीनं खड्डे पडतात आणि गायक म्हणतो की आवाज पोकळ येतोय, लयीत उशीर जाणवत नसला तरी. गायकाची ही तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावणं चूक आहे.

म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे इंटरफेसमध्येच (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) इनपुट फोडून एक फाटा थेट हेडफोनला द्यायचा, संगणकात जाऊच द्यायचा नाही. हे करताना सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरलं की दोन्ही वाटांचा आवाज एकत्र येऊन तसाच पोकळपणा तयार होतो, आणि नवख्या लोकांची ही सगळ्यात नेहमीची चूक. डायरेक्ट वाटेवर प्लगइन (सॉफ्टवेअरमधले इफेक्ट) मिळत नाहीत ही अडचण खरी, पण रिव्हर्बपुरती (घुमाऱ्यापुरती) सहज सुटते, सॉफ्टवेअरमधून मूळ आवाज न पाठवता फक्त रिव्हर्ब परत पाठवायचा, त्याला झालेला उशीर प्री-डिलेसारखा (घुमारा सुरू होण्याआधी ठेवलेल्या छोट्या विरामासारखा) खपून जातो. ज्या इंटरफेसमध्ये स्वतःचा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) असतो, उदाहरणार्थ २०१२ पासूनचा अपोलो, तिथे काही प्लगइनही या वाटेवर चालतात.

मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या पट्टीवर) लिनियर फेज इक्यूसारखा वेळ घेणारा प्लगइन लावून ठेवला असेल तर बफर कितीही कमी केला तरी उशीर जात नाही कारण तो प्लगइनचा असतो, लॉजिकमधला लो लेटन्सी मोड असे प्लगइन तात्पुरते वाटेतून काढतो. रेकॉर्ड झालेला क्लिप टाइमलाइनवर कुठे बसवायचा हे सॉफ्टवेअर ड्रायव्हरनं सांगितलेल्या आकड्यावरून ठरवतं आणि तो आकडा चुकीचा असू शकतो. आउटपुटमधून क्लिक काढून केबलनं परत इनपुटला देऊन रेकॉर्ड करावी, किती सँपल सरकली ते मोजून ऑफसेट, म्हणजे तेवढा फरक, सॉफ्टवेअरमध्ये भरावा, एकदाचं काम आहे.

बस, सेंड आणि इतर वाटा : सॉफ्टवेअर मिक्सरचा साचा इन-लाइन कन्सोलवरून (स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या टेबलावरून) आला, ज्यात एकाच पट्टीत रेकॉर्डची वाट आणि मॉनिटरची वाट दोन्ही असतात. ही रचना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, श्रेय बहुतेकदा डेव्ह हॅरिसन यांना देतात. गायकाच्या हेडफोनसाठीचा क्यू मिक्स नेहमी प्री-फेडर सेंडवरून (फेडरच्या आधीच फुटणाऱ्या फाट्यावरून) करतात, म्हणजे रेकॉर्डिस्टनं स्वतःसाठी फेडर हलवला तरी गायकाच्या कानात काही बदलत नाही, रिव्हर्बचा सेंड मात्र पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या नंतरचा. इफेक्ट छापून घ्यायचा की नुसता ऐकायचा हेही राउटिंगनंच ठरतं. रीपरमध्ये इनपुट एफएक्समध्ये लावलेला प्लगइन फाइलमध्ये उतरतो, ट्रॅकच्या साखळीतला फक्त ऐकू येतो. प्रो टूल्समध्ये तेच काम ऑक्स ट्रॅकचं (स्वतः रेकॉर्ड न करता सिग्नल पुढे नेणाऱ्या ट्रॅकचं) आउटपुट बसवर आणि ती बस ऑडिओ ट्रॅकच्या इनपुटला देऊन करतात. असं करताना ट्रॅकचं आउटपुट फिरून त्याच बसवर गेलं तर लूप तयार होऊन क्षणात कानठळ्या बसतात, रीपर असं फीडबॅक राउटिंग मुळातच बंद ठेवतं.

व्हर्च्युअल वाद्यांना डायरेक्ट मॉनिटरिंगचा काही उपयोग नाही, कारण त्यांचा आवाज संगणकाच्या आतच जन्माला येतो. तिथे बफर कमी करणं आणि जड ट्रॅक फ्रीझ करणं (तात्पुरतं आवाजाच्या फाइलमध्ये बदलून ठेवणं) एवढेच मार्ग उरतात, फक्त तिथे आत यायचा बफर मोजावा लागत नाही.