उष्ण-थंडाच्या वादातून तर्कशास्त्राकडे: ग्रीक विचारातल्या विरुद्ध जोड्या

ग्रीक तत्त्वज्ञानातला विरुद्धांचा विचार सुरू होतो तो मिलेटसला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथल्या ॲनॅक्झिमँडरने मांडलं, की सगळं जग एका अमर्याद मूळतत्त्वातून आलं आणि त्यातून उष्ण व थंड वेगळे झाले. त्याच्या लेखनातलं जेमतेम एक वाक्य उरलंय, तेही सुमारे अकराशे वर्षांनंतर सिंप्लिशियस या भाष्यकाराने उतरवून ठेवलं म्हणून. त्यात म्हटलंय, की काळाच्या क्रमानुसार वस्तू एकमेकींना आपापल्या अन्यायाची भरपाई देतात. उन्हाळ्यात उष्णाने थंडाची जागा बळकावली, तर हिवाळ्यात ती सोडावी लागते, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. ऋतू फिरतात ते कुणा देवाच्या मर्जीने नव्हे, आपसातल्या हिशेबाने! या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत धाडसी पाऊल आहे असं मला वाटतं.

हाच हिशेब पुढे वैद्यकात आला. दक्षिण इटलीतल्या क्रोटोनचा अल्कमिऑन सांगे, की ओलं-कोरडं, उष्ण-थंड, कडू-गोड यांना शरीरात समान हक्क असले तर आरोग्य. एकाचीच राजवट आली की रोग. पायथागोरसचा संप्रदायही क्रोटोनमध्येच उभा राहिला. त्यातल्या काहींनी केलेली दहा जोड्यांची यादी ॲरिस्टॉटलने नोंदवली आहे: मर्यादित-अमर्याद, विषम-सम संख्या, उजवं-डावं, पुरुष-स्त्री, प्रकाश-अंधार, चांगलं-वाईट वगैरे. यादी निरागस नाही. स्त्री, डावं आणि अंधार हे तिघेही ‘वाईट’च्या रांगेत बसवलेत, आणि ही उतरंड युरोपच्या विचारात फार काळ टिकली.

इ.स.पू. ५०० च्या सुमाराला एफेससच्या हेराक्लिटसने ॲनॅक्झिमँडरलाच उलटं उत्तर दिलं. झगडा हा अन्याय नाही, झगडा हाच न्याय. धनुष्याची दोरी आणि लाकूड एकमेकांविरुद्ध ताणलेले असतात म्हणूनच ते धनुष्य असतं. ताण गेला की नुसती काठी. समुद्राचं पाणी त्याने अतिशुद्ध आणि अतिदूषितही म्हटलं: माशांना ते जगवतं, माणसाला पिववत नाही. विरुद्ध गुण एकाच वस्तूत नांदू शकतात, फक्त कुणासाठी ते पाहावं लागतं, हे इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

पुढे एम्पिडोक्लिस या तत्त्वज्ञाने प्रेम आणि कलह या दोन शक्तींवर विश्व चालवलं. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात मात्र प्रश्न थेट जन्म-मृत्यूचा होतो. इ.स.पू. ३९९. तुरुंगात, मृत्युदंडाच्या दिवशी, प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याच्या पायातली बेडी काढलेली आहे. तो बिछान्यावर उठून बसतो, पाय चोळतो आणि म्हणतो, सुख-दुःखाचं नातं किती विचित्र; दोघं एकदम येत नाहीत, पण एकाला धरलं की दुसरं मागोमाग येतंच. मग तो युक्तिवाद करतो, की झोपेतून जाग येते, जागेपणातून झोप. तसं जिवंतपणातून मरण आणि मरणातून जीवन. पुढे तो म्हणतो, की विरुद्ध कधी विरुद्ध होत नाही, तेव्हा एक श्रोता अडवतो: विरुद्धातून विरुद्ध येतं, असं तुम्हीच आधी म्हणालात ना? सॉक्रेटिस त्याला शाबासकी देऊन फरक दाखवतो. आधी आपण थंड वस्तू उष्ण होते याबद्दल बोलत होतो, आता खुद्द थंडपणाबद्दल बोलतोय. तो कधीच उष्णपणा होत नाही.

ही फोड ॲरिस्टॉटलने पुढे नेली. बदलाच्या वेळी दोन विरुद्धांखाली तिसरं काहीतरी टिकून राहतं, असं त्याचं म्हणणं: अडाणी माणूस शिकतो तेव्हा अडाणीपणा जातो, माणूस राहतो. विरोधाचे त्याने चार प्रकार केले: दुप्पट-निमपट असे परस्परसापेक्ष, काळं-पांढरं असे दोन टोकांचे, दृष्टी-अंधत्व असे असण्या-नसण्याचे, आणि ‘तो बसलाय’, ‘तो बसलेला नाही’ असे होकार-नकाराचे. यातला चौथा प्रकार तर्कशास्त्राचा पाया झाला.

जुनं उष्ण-थंडही त्याने टाकलं नाही. अग्नी उष्ण-कोरडा, वायू उष्ण-ओला, पाणी थंड-ओलं, पृथ्वी थंड-कोरडी, अशी त्याची मांडणी होती. हे चार गुण पुढे रोमन काळातला वैद्य गेलेन याच्या वैद्यकात, तिथून अरबी ग्रंथांत आणि त्यांच्यामार्फत भारतात आले. यूनानी हकीम आजही मिजाज, म्हणजे माणसाची प्रकृती, ठरवतात ते याच चार गुणांवरून.