खुडल्यावरही मटार कामावरच असतो

स्वतः पिकवलेली भाजी जास्त गोड का लागते, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. रसायनं मारलेली नसतात म्हणून. वाण जुनं म्हणून. जीव लावून वाढवली म्हणून. पेरणी चंद्राच्या कला पाहून केली म्हणून, असंही कुणी ठामपणे सांगतं. भाड्याने घेतलेल्या चार वाफ्यांत घाम गाळणाऱ्या माणसाला यातलं कुठलंही उत्तर सुखावेल. पण निदान मटार आणि मक्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो तोडणी आणि ताट यांच्यामध्ये गेलेल्या वेळाने.

शेंग वेलीवरून तोडली म्हणजे ती मेली, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात दाणा जिवंत असतो, श्वसन करत असतो आणि ठरलेलं काम पुढे रेटत असतो. ते काम म्हणजे पुढच्या पिढीसाठी शिधा साठवणं. पानांत तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, रसवाहिन्यांतून दाण्यात येते आणि तिथे तिचं स्टार्च होतं. साखर गोड, स्टार्च बेचव आणि पिठूळ. वेलीवर असताना इकडून साखर येत राहते, तिकडे स्टार्च बनत राहतं, त्यामुळे कोवळ्या दाण्यात गोडवा टिकून असतो. खुडल्यावर पुरवठा तुटतो, मात्र स्टार्च बनवणारे एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, थांबत नाहीत. शिल्लक साखर ते वापरत जातात आणि उरलेल्यातली काही श्वसनात जळते. साध्या गोड मक्याचं कणीस ३० अंश सेल्सिअसला ठेवलं तर एका दिवसात त्यातली सुमारे ६० टक्के साखर स्टार्चमध्ये जाऊ शकते. शून्य अंशाला हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहतं. एन्झाइमला तिथी कळत नाही, तापमान बरोबर कळतं.

पण झाड साखर साखर म्हणूनच का साठवत नाही? मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत आवडतो. विरघळलेले रेणू पाणी ओढतात. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं, कारण मीठ बाहेर असतं; साखर पेशीच्या आत असेल तर पाणी आत शिरतं. हा ओढा रेणूंच्या वजनावर नाही, संख्येवर ठरतो. ग्लुकोजचे हजार रेणू सुटे असले तर ओढा हजारांचा. त्यांची एकच साखळी केली तर एकाचा. शिवाय स्टार्चचे कण विरघळतच नाहीत. म्हणजे भरपूर माल, पण पाण्याचा भार जवळजवळ नाही.

ही साखळी जोडण्याची रीत अशी. सुक्रोज फोडलं जातं, त्यातल्या ग्लुकोजपासून पायऱ्यापायऱ्यांनी एडीपी-ग्लुकोज नावाचा ‘तयार’ रेणू बनतो. एक एन्झाइम हे ग्लुकोज साखळीच्या टोकाला जोडत जातो आणि दुसरा अधूनमधून साखळी कापून तिचा तुकडा बाजूला फांदीसारखा चिकटवतो. फांद्या वाढल्या की जोडणीला टोकंही वाढतात, त्यामुळे काम वेगाने होतं.

या फांद्या पाडणाऱ्या एन्झाइमला आपण शाळेत नकळत भेटलेलो आहोत. मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोल आणि सुरकुतलेले वाटाणे होते ना? १९९० साली उलगडा झाला की सुरकुतलेल्या वाटाण्यात याच एन्झाइमच्या जनुकात सुमारे ८०० बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) उपरा तुकडा घुसलेला आहे. एन्झाइम बिघडला, स्टार्च कमी झालं, सुक्रोज साचलं, त्याने पाणी ओढलं, दाणा टम्म फुगला आणि वाळताना पाणी गेल्यावर सुरकुतला. म्हणून पेरायच्या मटाराचं बी सुरकुतलेलं दिसलं तर ते खराब समजून टाकू नका. गोड वाणांचं बी बहुधा तसंच असतं. काही मक्यात अशीच खोट एडीपी-ग्लुकोज बनवणाऱ्या एन्झाइममध्ये असते. आनुवंशिकीतज्ज्ञ जॉन लॉनन यांनी १९५३ साली ती साखर वाढवते हे दाखवलं आणि त्यातून ‘सुपरस्वीट’ वाण आले. त्यांचा गोडवा तोडणीनंतर कित्येक दिवस टिकतो. म्हणजे ‘निसर्गाची गोडी’ म्हणून आपण जी चाखतो ती बरेचदा जनुकातल्या बिघाडाची असते.

आणखी एक गोष्ट ताज्या भाजीच्या भक्तांना रुचणार नाही. गोठवलेला मटार तोडणीनंतर काही तासांतच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात आणि साखर आहे तिथेच राहते. दोन-तीन दिवस उबेत पडलेल्या ‘ताज्या’ शेंगांपेक्षा तो गोड लागला तर नवल नाही. वाफ्यातल्या मटाराने त्याला हरवायचं असेल तर पाणी आधी उकळायला ठेवावं, मग शेंगा तोडायला जावं. ते जमणार नसेल तर सकाळच्या गारव्यात तोडून, न सोलता, लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्या.

टोमॅटोला मात्र हा नियम लावू नका. फ्रिजच्या थंडीत त्याचे सुगंधी रेणू बनवणारे जनुक मंदावतात, साखर तेवढीच राहूनही चव उतरते. आणि बटाटा फार गार ठेवला तर उलटा प्रवास होतो, स्टार्चची साखर बनते.

जागा थोडी असेल तर माझं मत सरळ आहे. कांदा आणि बटाटा विकतचे आणा. ते सावकाश श्वसन करतात, आठवड्याने त्यांच्या चवीत फारसा फरक पडत नाही. वाफे मटार, मका आणि टोमॅटोला द्या.