पाळी पुढे ढकलायच्या गोळीने मूल राहत नाही?

श्रावणात कानबाई देवी बसायची असली, तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण निघालं, की खान्देशात पाळी पुढे ढकलायची गोळी हमखास आठवते. सोबत ठरलेला सल्लाही येतो: "नको घेऊ, पिशवी सुकते, मूल राहत नाही." हे खोटं आहे.

गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर शरीर प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन घटतं, अस्तर गळतं, पाळी येते. गोळी चालू असेपर्यंत अस्तर धरून राहतं, एवढंच. नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम, दिवसातून 3 वेळा, तारखेच्या 3 दिवस आधीपासून. थांबवली की साधारण 2-3 दिवसांत पाळी येते. पिशवी सुकत नाही, बीजं संपत नाहीत.

जपायचं ते वेगळ्याच कारणाने. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर, दिवस गेल्याची शंका, यात ही गोळी चालत नाही. म्हणून जावेच्या पाकिटातली घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नसलं की सुनेने कधीकाळी घेतलेल्या गोळीवर खापर फुटतं, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र राहूनच जाते. ती आधी करून घ्या.