मीटिंगला सोबत कोण येणार?

१९८१ साली अमेरिकेत एक लहानसा प्रयोग झाला. दारूपायी उपचाराला आलेल्या २० जणांचे दोन गट केले. पहिल्या गटाला अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या एए या संघटनेची माहिती दिली, मीटिंगची जागा आणि वेळ सांगितली, जाऊन या म्हणून सुचवलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासाठी समुपदेशकाने समोरच एएच्या जुन्या सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं आणि मीटिंगला सोबत जायचं ठरवून टाकलं. आठवड्याभरात पहिल्या गटातलं कुणीच मीटिंगकडे फिरकलं नाही. दुसऱ्या गटातले झाडून सगळे गेले.

वीस माणसांवरून मोठा निष्कर्ष काढू नये हे खरं, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनीही हीच दिशा दाखवली. मला ही गोष्ट आपल्या खान्देशासाठी फार मोलाची वाटते. आपण पत्ता देतो आणि आपलं काम झालं समजतो. घडी घातलेली ती चिठ्ठी शर्टाच्या खिशातच राहते आणि शर्टाबरोबर धुतली जाते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो.

मीटिंगने खरंच काही होतं का, हा प्रश्न रास्त आहे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर शंभरातले सुमारे ४२ जण पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५. फरक चमत्काराचा नाही. पण मीटिंगला फी नाही आणि ती आयुष्यभर चालू ठेवता येते.

हे कशामुळे घडतं, तेही संशोधकांनी तपासलं. सगळ्यात ठळक कारण निघालं ते संगत. मीटिंगला जाणाऱ्याच्या ओळखीत पिणारे कमी होतात, न पिणारे वाढतात. दारूची चटक लागलेला मेंदू ग्लासाइतकाच ग्लासाभोवतीच्या खुणांनाही प्रतिसाद देतो: तीच माणसं, तीच वेळ, तोच वास. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी ठरते, तुराट्यांवर वांगी भाजायला घातली की त्या धुरासरशी तलफ उठते. हळदीचा मांडव, आखाजीचा पत्त्यांचा डाव, सगळीकडे तेच. तिथे नुसत्या मनोनिग्रहावर टिकून राहा म्हणणं माणसावर अन्याय आहे. आपल्याकडे गळ्यात माळ घालून दारू सोडलेले लोक गावोगाव आहेत. श्रद्धेचा भाग मोठा आहेच, पण माळेबरोबर भजन येतं, एकादशी येते, मुक्ताईनगरहून निघणारी वारी येते. संध्याकाळ कुणाबरोबर घालवायची हेच बदलून जातं.

एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका शेअर दलालाने आणि एका डॉक्टरने केली. दोघेही स्वतः दारूत बुडालेले होते. आजही मीटिंग तशीच चालते. गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा, सुरुवातीला प्रार्थना. मग एकेक जण आपलं नुसतं नाव सांगून बोलतो: कसा प्यायलो, काय गमावलं, आज कसा राहिलो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. आडनाव, गाव, जात कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही. ऐकून घरी आलं तरी चालतं. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. नवरा येत नसला तरी बायकोने एकटीने जावं.

एक गोष्ट मात्र आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलट जोर लावायला शिकलेला असतो. दाब अचानक निघाला की हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन ते जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि जेवणात न कळत पावडर कालवण्याच्या जाहिरातींना अजिबात भुलू नका. त्यात काय आहे हे कळत नाही, आणि दारूशी भिडणारं औषध न सांगता दिलं तर माणूस दगावू शकतो.

मीटिंग शोधायची तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारा किंवा नशामुक्तीच्या १४४४६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हाही आहे. जागा आणि वार बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन कराच. त्या फोनवर नुसती वेळ विचारू नका, "मला दारात कोण भेटेल?" असंही विचारा. मीटिंगा बहुधा संध्याकाळी असतात आणि खेड्याकडे जाणारी शेवटची एसटी लवकर निघते. तेव्हा तुमच्या बाजूने मोटारसायकलवर कोण येतं, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. एका ग्रुपात मन रमलं नाही तर दुसऱ्यात जा. आणि तुम्ही भाऊ, शेजारी, आशाताई, कुणीही असलात, तर पहिल्या दिवशी त्याला तिथवर स्वतः घेऊन जा. बंद मीटिंग, म्हणजे फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची, असेल तर बाहेर थांबा; सगळ्यांसाठी खुली असेल तर आत त्याच्या शेजारी बसा.