तान्ह्या बाळाचं धुरकट बुबुळ: काचबिंदू की ‘चेड’?

बाळाचं बुबुळ (इथे त्यावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) काळंभोर न दिसता निळसर-धुरकट दिसतंय, हे बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी लक्षात येतं. ‘फूल पडलंय डोळ्यात’ म्हणत कुणी गुलाबपाणी सुचवतं. (घालू नका.) जंतुसंसर्ग नाही, प्रसूतीत चिमटा लागलेला नाही आणि दोन्ही डोळे सारखेच धुरकट, असं असेल तर दोन आनुवंशिक आजारांत गल्लत होण्याची शक्यता मोठी. एक जन्मजात काचबिंदू. दुसरा कॉन्जेनिटल हेरेडिटरी एन्डोथेलियल डिस्ट्रॉफी, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी ‘चेड’.

काचबिंदूत मूळ दोष बुबुळात नसतोच. डोळ्यात सतत तयार होणाऱ्या पाण्याची बाहेर जायची वाट नीट घडलेली नसते. पाणी तुंबतं, दाब वाढतो. तान्ह्याचा डोळा मऊ असल्याने तो ताणून मोठा होतो. बुबुळाच्या आतल्या पातळ पडद्याला चिरा पडतात, तिथून पाणी शिरतं आणि बुबुळ गढूळ होतं. चेडमध्ये दाबाचा संबंध नाही. बुबुळाच्या सर्वांत आतल्या पेशी त्यातलं पाणी उपसत असतात. एसएलसी४ए११ या जनुकातल्या दोषामुळे तो उपसा मंदावतो, बुबुळ फुगतं आणि खिडकीच्या दुधी काचेसारखं दिसू लागतं.

डोळ्याचा दाब मोजला की निकाल लागेल असं वाटतं, पण घोटाळा नेमका तिथेच होतो. चेडमध्ये बुबुळाची जाडी नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असते, आणि अशा जाड बुबुळावर मोजलेला दाब खोटाच चढा येऊ शकतो. उलट, तपासणीसाठी बाळाला भूल दिली की काही औषधांनी खरा दाब उतरलेला दिसतो. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. बुबुळाचा व्यास आणि जाडी मोजून घ्यावीच लागते. नवजात बाळाच्या बुबुळाचा व्यास साधारण ९.५ ते १०.५ मिलिमीटर असतो. वर्षाच्या आत तो १२च्या पुढे गेला तर काचबिंदूचा संशय घ्यायचा. चेडमध्ये व्यास नेहमीसारखाच, जाडी मात्र वाढलेली.

घरी काय दिसतं? काचबिंदूच्या बाळाच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, उजेड सोसत नाही, ते डोळे घट्ट मिटून घेतं. नुसती अश्रुनलिका बंद असेल तर पाणी येतं, पण बाळ उजेडाला असं घाबरत नाही. ‘किती टपोरे डोळे!’ हे कौतुक अशा घरात जरा जपूनच ऐकावं. चेडचं बाळ सहसा एवढा त्रास दाखवत नाही. त्याच्या बुबुळांची सतत थरथर मात्र दिसू शकते.

घाई दोन्हींत असते, पण सारखी नाही. काचबिंदूत दृष्टीची नस दबते आणि गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया काही दिवसांतच करतात. पाण्याला वाट करून देणं हाच तिचा हेतू. चेडमध्ये शस्त्रक्रियेची वेळ ठरवायला थोडी सवड मिळते, पण फार लांबवलं तर डोळा आळशी होतो, म्हणजे त्या डोळ्याने बघायला मेंदू शिकतच नाही. तिथे दान केलेल्या डोळ्यातल्या बुबुळाचं रोपण करतात. आता पुष्कळदा अख्खं बुबुळ न बदलता फक्त आतला थर बसवतात. माझं मत विचाराल तर काचबिंदू नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून लहान मुलांच्या काचबिंदूतज्ज्ञांकडे आधी जावं. दाब आटोक्यात येऊनही बुबुळ स्वच्छ झालं नाही तर चेडची शंका घ्यायची. क्वचित दोन्ही एकत्रही असतात.

‘आईवडील नात्यातले आहेत का?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतातच. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत अनेक घरांत आहे. पण त्या उत्तरावरून दोहोंपैकी कोणता आजार हे ठरत नाही. चेड आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो, आणि जन्मजात काचबिंदूतही सीवायपी१बी१ या जनुकाचा दोष बहुधा तसाच येतो. दोघांकडेही असं सदोष जनुक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक पुढच्या बाळाला धोका २५ टक्के. त्या बाळाचे डोळे जन्मानंतर लगेच तपासून घ्यावेत. चेड असलेल्या मुलाची श्रवणचाचणी दरवर्षी करावी, कारण चेडच्याच जनुकाच्या दोषाने काही मुलांना पुढे कमी ऐकू येऊ लागतं.